नवशिक्यांनी छोटी क्रूझर घ्यावी का?

"मुलगा ट्रेनिंगसाठी म्हैसूरला गेलाय, त्याला क्रूझरच हवीय, घेऊन देऊ का?" "माझी उंची पाच फूट एक इंच, मला ३५० सीसी झेपेल का?" "आजवर फक्त ॲक्टिव्हा चालवलीय, थेट मीटिऑर घेतली तर चालेल का?" असे प्रश्न वाचक वारंवार विचारतात. शोरूमवाला "एकदम सोपी गाडी आहे" म्हणतो, मित्र "वर्षभर शंभर सीसी चालव, मग बघू" म्हणतात, आणि घरचे "एवढी जड गाडी कशाला?" म्हणतात. तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं, म्हणूनच गोंधळ वाढतो.

थोडक्यात उत्तर असं: छोटी क्रूझर नवशिक्याला चालू शकते. फक्त ती निवडताना स्वप्नातली लडाखची सफर बाजूला ठेवून रोजचा रस्ता आणि स्वतःची ताकद बघायला हवी. कशी, ते आता क्रमाने बघू.

क्रूझरमध्ये वेगळं काय असतं?

क्रूझरची सीट खाली असते, पाय ठेवायची जागा पुढे असते, हँडल अंगाकडे आलेलं असतं आणि दोन चाकांमधलं अंतर जास्त असतं. इंजिन कमी फेऱ्यांतच चांगलं ओढतं, त्यामुळे सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. नवशिक्याला हे सगळं सोयीचं वाटतं. पण सीट खाली आली म्हणून गाडीचं वजन कमी होत नाही. हे आकडे पाहा:

- हिरो स्प्लेंडर: वजन ११२ किलो, सीटची उंची ७८५ मिलिमीटर, दोन चाकांमधलं अंतर १,२३६ मिलिमीटर
- बजाज अव्हेंजर २२० क्रूझ: १६३ किलो, ७३७ मिमी, १,४९० मिमी
- रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५०: १९१ किलो, ७६५ मिमी, १,४०० मिमी
- टीव्हीएस रोनिन: सुमारे १६० किलो, ७९५ मिमी, १,३५७ मिमी

अव्हेंजरची सीट स्प्लेंडरपेक्षा ४८ मिलिमीटरने खाली आहे, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला आरामात टेकतात. पण गाडी ५१ किलोने जड आहे आणि दोन चाकांमध्ये दहा इंचांचं जास्तीचं अंतर आहे. सरळ रस्त्यावर ही लांबी गाडीला स्थिर ठेवते, तर गल्लीत वळवताना तीच आडवी येते.

कायदा तुम्हाला थांबवणार नाही

युरोपात नवशिक्याला आधी १२५ सीसीपर्यंतची, मग मर्यादित ताकदीची आणि शेवटी मोठी मोटारसायकल, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा एकच परवाना असतो. त्यावर १०० सीसीची गाडी चालते आणि हजार सीसीचीही. पायरी ठरवण्याची जबाबदारी त्यामुळे तुमच्यावरच येते.

ही गाडी कोणाला जमते?

- सीट उंच असल्यामुळे ज्यांना मोटारसायकलवर भीती वाटते, अशा कमी उंचीच्या स्त्री-पुरुषांना
- ज्यांचा रोजचा प्रवास मोकळ्या, रुंद रस्त्यावरून होतो त्यांना
- सायकल किंवा स्कूटरचा तोल पक्का आहे, फक्त क्लच-गिअर शिकायचे आहेत, अशांना
- ज्यांना वेगाची हौस नाही आणि ताशी ६०–८० किलोमीटरने निवांत जायला आवडतं त्यांना

कोणी थांबावं?

- ज्यांच्या इमारतीचं पार्किंग दाटीचं आहे आणि गाडी रोज हाताने मागे ओढून काढावी लागते
- ज्यांचा निम्मा प्रवास बाजारपेठेतून किंवा सिग्नलच्या रांगेतून होतो
- ज्यांना पाठीचा किंवा माकडहाडाचा त्रास आहे. फूटरेस्ट पुढे असल्यामुळे खड्ड्यावर पायांवर उभं राहून धक्का झेलता येत नाही, तो थेट कण्यात बसतो
- ज्यांना रोज डबलसीट जायचं आहे. अनेक क्रूझरची मागची सीट अरुंद असते, आणि जोडीला जावा ४२ बॉबरसारखी मूळची एकसीटी गाडीही बाजारात आहे

शोरूममध्ये करायच्या पाच चाचण्या

टेस्ट राइड म्हणजे सरळ रस्त्यावर एक फेरी नव्हे. नेहमीचे बूट घाला, परवाना आणि हेल्मेट सोबत न्या आणि पुढच्या गोष्टी करून बघा.

१. पाय: सीटवर बसून दोन्ही तळपाय पूर्ण टेकतात का? मग हँडल एका बाजूला पूर्ण वळवा. लांबचा हात ताणला जाऊन खांदा पुढे ओढला गेला, तर यू-टर्नच्या वेळी त्रास होईल.

२. ढकलणं: इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलं पुढे आणि दहा पावलं मागे न्या. थोडा चढ असेल तर उत्तम. साइड स्टँडवरून उचलून सरळ करा. यासाठी दुसऱ्याचा हात लागला, तर ही गाडी सध्या तुमची नाही.

३. हाफ क्लच: चालण्याच्या वेगाने वीस-तीस मीटर जा, पाय खाली न टेकवता. नवशिके भरधाव असताना क्वचित, आणि अशा रेंगाळत्या वेगात जास्त वेळा आडवे होतात. क्लचने बोटं दुखली, तर स्लिप-असिस्ट क्लचची गाडी मागून बघा. तो हाताला हलका लागतो.

४. यू-टर्न: दोन पदरी रस्त्यावर एका दमात वळता येतं का? क्रूझरला स्प्लेंडरपेक्षा जास्त जागा लागते, हे इथेच कळतं.

५. ब्रेक: मोकळ्या जागी ताशी ३०–४० किलोमीटर वेगावरून दोन्ही ब्रेक एकत्र लावून थांबा. फक्त मागचा ब्रेक दाबायची स्कूटरची सवय जड गाडीवर महागात पडते.

पाचांपैकी दुसरी किंवा तिसरी चाचणी जमली नाही, तर बाकी कितीही आवडलं तरी त्या दिवशी बुकिंग करू नका.

तुमचा रोजचा रस्ता कोणता?

सुरुवातीच्या प्रश्नातलं म्हैसूरच घेऊ, तिथल्या चामराजपुरम भागाचं उदाहरण. एका बाजूला झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचा जेएलबी रोड. सकाळी लवकर किंवा दुपारी अशा रुंद रस्त्यावर क्रूझर खरोखर सुखाची वाटते. दुसऱ्या बाजूला आतल्या वसाहतीचे छोटे रस्ते, वळणं आणि गतिरोधक. तिथे तिची लांबी जाणवते, आणि मागे कोणी बसलं असेल तर गाडीचं पोट गतिरोधकाला घासण्याची शक्यता वाढते. तुमचा वेळ यांपैकी कोणत्या रस्त्यावर जास्त जातो, ते प्रामाणिकपणे मोजा.

म्हैसूरच्याच चामुंडी टेकडीचा रस्ता नवशिक्यांना खुणावतो. चढताना काही वाटत नाही, कसोटी लागते ती उतरताना. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये जड गाडी खाली सोडू नका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत.

"क्रूझर हायवेसाठीच असते," असं म्हणून ती घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी: त्या हायवेवर दुचाकीला प्रवेश आहे का?

- म्हैसूर–बंगळुरू द्रुतगती मार्ग: मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालं, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गिकेवर दुचाकींना बंदी आहे. सर्व्हिस रोडनेच जावं लागतं.
- मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे–वरळी सागरी सेतू: दुचाकींना प्रवेश नाही.
- म्हैसूर–उटी मार्ग: बंदीपूर राष्ट्रीय उद्यानातून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. हा नियम २००९ पासून आहे. संध्याकाळी उशिरा निघालात तर अडकाल.

म्हणजे तुमच्या वाट्याला येणारा "हायवे" बहुतेक वेळा जुना मुंबई–पुणे रस्ता, सर्व्हिस रोड किंवा राज्य मार्ग असतो. तिथे ट्रॅक्टर, बैलगाडी, उलट्या दिशेने येणारी दुचाकी आणि न रंगवलेले गतिरोधक असतात. अशा रस्त्यावर वेगापेक्षा ब्रेक आणि नियंत्रण कामाला येतं.

पर्याय कसे निवडाल?

१६० ते २२५ सीसी: मोटारसायकल पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी सगळ्यात सुरक्षित गट. अव्हेंजर मालिकेने २००५ पासून मराठी घरांत क्रूझर नेली. तिची खाली बसणारी सीट नवशिक्याला आजही सोपी जाते. रोनिन दिसायला क्रूझरकडे झुकते, पण तिची सीट ७९५ मिमी आणि फूटरेस्ट बऱ्यापैकी मधोमध. कमी उंचीच्या माणसाने ती बसून बघितल्याशिवाय ठरवू नये. टीव्हीएसचा एक कारखाना म्हैसूरलाच आहे, पण निवड त्यावरून करू नका.

३३४ ते ३५० सीसी: निदान सहा महिने गिअरची मोटारसायकल चालवलेल्यांसाठी. मीटिऑरचं इंजिन सुमारे २० अश्वशक्तीचं, म्हणजे ताकदीच्या बाबतीत भीतीचं कारण नाही. अडचण १९१ किलोंची आहे. इंजिन माफक आणि वजन भरपूर हे या गटाचं लक्षण लक्षात ठेवा.

४०० सीसीच्या पुढे: कावासाकी एलिमिनेटर किंवा सुपर मीटिऑर ६५० यांना "सुरुवातीची क्रूझर" म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. सुपर मीटिऑरचं वजन २४१ किलो आहे. ही दुसरी किंवा तिसरी गाडी असू शकते, पहिली नाही.

नावाच्या आठवणीवर गाडी घेऊ नका

म्हैसूरमध्ये आणि जुन्या पिढीच्या मराठी घरांतही "जावा" आणि "येझदी" ही नावं ऐकली की डोळे चमकतात. आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. १९७८ ची येझदी रोडकिंग अजूनही कोणाकोणाच्या अंगणात जपलेली दिसते. ती सगळी टू-स्ट्रोक, वेगळ्या जातीची गाडी होती. आजच्या जावा-येझदी २०१८ नंतर क्लासिक लेजंड्स या कंपनीने आणल्या आहेत. इंजिन फोर-स्ट्रोक आहे आणि ते पाण्याने थंड होतं. गाडी तयार होते मध्य प्रदेशात पिथमपूरला. ती चांगली की वाईट, हे आजच्या गाडीवर बसून ठरवा. वडिलांच्या येझदीचा अनुभव तिला लागू होत नाही. एक साधा प्रश्न जरूर विचारा: सर्व्हिस सेंटर घरापासून किती दूर आहे, आणि तिथे क्लच प्लेट, केबल, ब्रेक पॅड हातोहात मिळतात का?

पैशाचं गणित

- जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १८ टक्के, त्यावरच्या गाडीला ४० टक्के. ३४९ आणि ४४० सीसीमधला फरक त्यामुळे केवळ इंजिनचा राहिलेला नाही.
- थर्ड पार्टी विमा: नव्या दुचाकीला पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीच्या गटाला ७,३६५ रुपये आणि ३५० सीसीच्या वर १५,११७ रुपये असा पाच वर्षांचा हप्ता आहे, कर वेगळा. १६० सीसी आणि ३४९ सीसी एकाच गटात मोडतात.
- अपघात विमा: मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. तुमच्या दुसऱ्या गाडीवर तो आधीच असेल, तर पुन्हा घ्यायची गरज नाही. ते सांगा आणि रक्कम कमी करून घ्या.
- टायर: तारेच्या चाकांत बहुधा ट्यूब असते. पंक्चर झालं की गाडी ढकलत न्यावी लागते, आणि इथे ढकलायची गाडी दीडशे किलोच्या पुढची आहे. रोज एकटे लांब जाणार असाल, तर अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर घ्या.
- रस्ता कर: महाराष्ट्रात तो इंजिनच्या क्षमतेनुसार आणि कर्नाटकात किमतीनुसार ठरतो. लाखाच्या वरच्या गाडीला कर्नाटकात बराच जास्त पडतो.

महाराष्ट्र की कर्नाटक: गाडी कुठे घ्यायची?

नोकरी-शिक्षणासाठी म्हैसूरला गेलेल्यांचा हा नेहमीचा पेच. परवान्याची काळजी नको, महाराष्ट्रातला परवाना देशभर चालतो. नोंदणीचे नियम वेगळे आहेत. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. म्हणून:

- मुक्काम वर्षाच्या आतला असेल, तर गावी घेतलेली गाडी नेलेली बरी.
- मुक्काम दोन-तीन वर्षांचा असेल, तर तिथेच घ्या.
- चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीत नोकरी असेल, तर बीएच मालिकेच्या नोंदणीची चौकशी करा. तिथे कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. कंपनीचं नमुना ६० मधलं प्रमाणपत्र लागतं.

परवाना नसेल तर

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात पुढे-मागे "एल" पाटी हवी, आणि मागे परवानाधारक शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसवता येत नाही. चाचणी शक्यतो हलक्या मोटारसायकलवर द्या. लांब क्रूझरवर आठचा आकडा काढताना पाय टेकण्याची शक्यता जास्त असते.

पालकांसाठी एक इशारा. मुलाची अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी ही गाडी त्याच्या हाती देऊ नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

जुनी क्रूझर घेताना

पहिली गाडी एकदा तरी आडवी होतेच, म्हणून जुनी घेणं शहाणपणाचं आहे. मात्र हे तपासा:

- एबीएस आहे का? एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीची गाडी बिनएबीएसची असू शकते. नवशिक्याने ती टाळावी.
- सायलेन्सर आणि हँडल मूळचे आहेत का? फटफट आवाज करणारा सायलेन्सर तुम्हाला दंड भरायला लावेल. गाडीत केलेले मोठे बदल विम्याचा दावाही अडवू शकतात.
- कर्ज फिटलंय का? आरसीवर बँकेचं नाव असेल, तर नमुना ३५ आणि बँकेचं पत्र मागा.
- नावावर करणं: नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या.
- हँडल सोडून पाहा: मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात हात क्षणभर सैल केल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती कुठेतरी आपटलेली असू शकते.

तुमचे हक्क

- नव्या दुचाकीसोबत बीआयएस मानकाचं हेल्मेट देणं केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार बंधनकारक आहे. ते "ॲक्सेसरीज"मध्ये धरून पैसे लावले असतील, तर हरकत घ्या.
- मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं झाकण, म्हणजे आपलं साडी गार्ड, हे नियम १२३ नुसार गाडीला असलंच पाहिजे. दिसायला वाईट म्हणून ते काढून टाकू नका. साडी आणि ओढणी चाकात अडकून होणारे अपघात त्यानेच टळतात.
- विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचा दर आणून तुलना करा.
- ऑन-रोड किमतीची फोड लेखी मागा. "हँडलिंग", "लॉजिस्टिक", "सक्तीचं ॲक्सेसरी किट" असे शब्द दिसले, तर ती रक्कम कशासाठी, ते विचारा. नको असलेलं किट नाकारता येतं.
- गाडीत दोष निघाला आणि दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. म्हैसूरला घेतलेल्या गाडीची तक्रार साताऱ्यातून करता येते ती राहत्या जिल्ह्याच्या या सोयीमुळेच.

पहिले तीन महिने

१. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास रिकाम्या मैदानावर हाफ क्लच, आठचा आकडा आणि ब्रेक यांचा सराव करा.

२. पहिला महिना डबलसीट नाही, रात्रीचा प्रवास नाही आणि पावसातही नाही.

३. दुसऱ्या महिन्यात गर्दीच्या वेळी रोजचा रस्ता. मागे बसवायचं तर आधी हलका माणूस, मग घरचे.

४. तिसऱ्या महिन्यात घाट. तोही दिवसा, आणि ओळखीचा.

५. पहिली सर्व्हिस वेळेवर करा. ती चुकली तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

६. हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट या तिन्हींचे पैसे गाडीच्या बजेटमध्येच धरा. उरले तर घेऊ म्हणाल, तर ते कधीच उरत नाहीत.

एवढं सगळं तपासल्यावर निवड सोपी होते. मोटारसायकल कधीच चालवली नसेल, तर १६० ते २२५ सीसीची, शक्य असल्यास जुनी पण एबीएस असलेली क्रूझर घ्या. सहा महिन्यांचा सराव असेल आणि गाडी एकट्याने ढकलता येत असेल, तर ३५० सीसी बिनधास्त घ्या. ढकलता येत नसेल, तर बुकिंगचे पैसे खिशातच ठेवा आणि आणखी सहा महिने हलकी गाडी चालवा. क्रूझर बाजारातून कुठेही जात नाही.